बेलाखालच्या अठरा गोगलगाई

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
कुंभारी, गुरुवार, १४ डिसेंबर २०२३

चि. भुवनेश्वरीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझ्या भाऊजींचा गुडघा जरा बरा आहे. कडक भाकरी केल्यात, तुझा वाटा काढून ठेवलाय. माझ्या मल्लेशच्या लेकीच्या, अपेक्षाच्या पायांवर मात्र फोड उठलेत. 'गवत लागलं असेल,' तू म्हणालीस. खोबरेल लावते. पत्र तिच्याच दप्तरात ठेवतेय. तू तिच्या बाई, रोज भेटतेस, पण तुझ्यापुढे माझी जीभ वळायची नाही.

ओढ्यात तू जाळीच्या दोन पिशव्या बांधल्यास, एक आपल्या रंगाच्या शेडच्या वर, एक खाली. दोन्हींत वीस-वीस गोगलगाई. 'जिथं जास्त मरतील तिथलं पाणी वाईट,' असं मुलांना शिकवलंस. मला म्हणालीस, 'अक्का, तुझ्या घरामागंच आहे, कुणी हात लावू नये एवढं बघ.'

हात मीच लावला गं.

गेल्या शुक्रवारी सकाळी फुलं तोडायला गेले, तर खालच्या पिशवीत दोनच जिवंत. बाकीच्यांना वास सुटलेला. मुक्या जिवांची हत्या आपल्या दारात नको म्हणून त्या काढल्या आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला सापडलेल्या अठरा जिवंत वेचून घातल्या. शनिवारी अपेक्षा ओरडली, 'बाई, समद्या जित्या हायत की!' तू वहीत 'पाणी चांगले' लिहून घेतलंस आणि मुलांना तिथंच पाण्यात उतरवलंस.

जीव कळवळला हे अर्धंच खरं. शेडखाली ओढ्यात उतरतो तोच लाल रंग मी रोज मल्लेशच्या शर्टावरून घासून काढते. सूत रंगवलेलं पाणी तो तिथंच सोडतो. गेल्या गुरुवारी त्याला तुझ्या पिशव्यांचं बोलले, तर म्हणाला, 'आये, पोरांचा खेळ हाय त्यो. पण बोभाटा झाला तर शेडला कुलूप लागंल.' दुसऱ्या दिवशी मी पिशवी उघडली.

सोमवारी बेल वाहायला गेले, तर डोळ्यांपुढे अपेक्षाचे पायच.

परवा मुलांना पाण्यात उतरवू नकोस. मेलेल्या अठरा बेलाच्या बुंध्याशी पुरल्यात. मुलांना घेऊन ये, मी सगळ्यांदेखत उकरून देईन. मल्लेशलाही तिथंच उभं करीन. त्याला अजून सांगितलेलं नाही.

वर सवयीनं आशीर्वाद लिहून गेले. तो ठेवायचा की परत करायचा, ते शनिवारी आल्यावर सांग.

तुझीच,
महादेवीअक्का