होदान वारसामेची सही

मी, सिक्स्टन एकहागे, वय ५७, राहणार गोथेनबर्ग, मंगळवारी हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाणार आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत. परंतु कोणतेही यंत्र उघडण्यापूर्वी त्याचे भाग कुठे जातील हे ठरवून ठेवण्याची मला सवय आहे. म्हणून पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने व स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. माझे राहते घर व बँकेतील शिल्लक माझा भाऊ फोल्के याला मिळावी. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो, हे त्याने ध्यानात ठेवावे.

२. तळघरातील सामाईक धुलाईघरात चादरी दाबायचे दोन रुळांचे यंत्र आहे. ते मी भंगारातून आणून, पुस्तके वाचून, एकट्याने उभे केले. ते यंत्र व माझी हत्यारे दुसऱ्या मजल्यावरील गुनव्होर लिंद यांना मिळावीत. बेअरिंग बदलायला त्या माझ्याकडे शिकल्या. पाना मात्र अजून चुकीच्या बाजूने धरतात. अट एकच: यंत्र सर्वांना वापरू द्यावे, आणि धुलाईघराला पुन्हा कुलूप लागल्यास ते तिथून हलवावे.

अटीचे कारण नोंदवतो. इमारतीचे तेव्हाचे अध्यक्ष श्री. ओकेब्लाड यांनी संध्याकाळी सातला धुलाईघर बंद करण्याचा नियम केला. तिसऱ्या मजल्यावरची, सोमालियातून आलेली होदान वारसामे सकाळी शाळेत आणि दुपारी इस्पितळात सफाई करते. तिने सभेत विचारले, "मी घरी येते तेव्हा कुलूप असतं. पोरांचे कपडे धुवायचे कधी?" इतिवृत्तात आले: 'एका रहिवाशाची तक्रार.' तोच मुद्दा लिंद बाईंनी मांडला, तो नावासकट पानभर.

लिंद बाईंनी तरुणपणी मोर्चे काढून या वस्तीत पाळणाघर आणले होते. होदान त्यांना जिन्यात म्हणाली, "तुमची समानता वाळून घड्याही झाल्या, मावशी. आमची अजून ओलीच आहे."

"मग ओलीच दाखवू या की," बाई म्हणाल्या.

पुढच्या सभेच्या दिवशी इमारतीतल्या बायकांनी घरच्या टबात धुतलेल्या चादरी जिन्याच्या कठड्यांवर टाकल्या. दिवसभर मोकळ्या असलेल्या लिंद बाईंचीही एक होती. सभेसाठी जिना चढून वर येईपर्यंत श्री. ओकेब्लाड यांचा कोट भिजला. सभेत बाई एवढेच म्हणाल्या, "आधी तिचं नाव लिहा. मग मी बोलते." कुलूप निघाले.

३. ते कुलूप माझ्या खणात आहे. ते श्री. ओकेब्लाड यांना द्यावे. किल्ली देऊ नये.

४. माझी पत्नी ॲनेली हिचे शिवणयंत्र होदान वारसामे हिला मिळावे. ॲनेली गेल्यावर मी दार लावून बसलो होतो. होदानने ते ठोठावले. "मिस्त्री, यंत्र चादरी खातंय. रडून झालं की खाली ये." मी गेलो. त्यानंतरची माझी वर्षे मला त्या तळघरातल्या बायकांनी दिली. त्यांचा मी ऋणी आहे.

५. कलम ४ मधील देणगी रद्द समजावी. साक्षीसाठी मी होदानलाच विचारले होते; पण मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते, त्याला इथल्या कायद्याने त्याचा साक्षीदार होता येत नाही. हे ऐकून होदान म्हणाली, "मग यंत्र नको. वस्तू लोक देतातच मला, पिशव्या भरभरून. माझी साक्ष आजवर कुणी मागितली नाही."

"ॲनेलीचं आहे ते," मी म्हणालो.

"म्हणूनच. जिवंत परत ये आणि स्वतःच्या हाताने दे."

गोथेनबर्ग, ९ मार्च

सिक्स्टन एकहागे

आम्ही दोघी एकाच वेळी हजर होतो. सिक्स्टनने आमच्यासमोर, शुद्धीत सही केली.

राड्मिला स्टोयिच, ट्रामचालक, पहिला मजला

होदान जामा वारसामे, तिसरा मजला. पूर्ण नाव मी स्वतः लिहिले आहे.