ट्रकच्या कडेने

वागाडुगू, रविवार दुपार

प्रिय साफी,

हे पत्र बोबोला येणाऱ्या बसने शेजारच्या रसमाताच्या हाती पाठवते आहे. फोनवर मी हा विषय दोनदा काढला. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "ताई, झालं ते झालं, दुसरं काहीतरी बोल," आणि शिलाई मशीन सुरू केलंस. म्हणून कागद. मशीन बाजूला ठेव आणि शेवटपर्यंत वाच.

आधी एक बातमी. मी पुन्हा मोपेड चालवते. अपघातानंतर चार वर्षं दवाखान्यात कामाला पायी जात होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, चाललं की पोट कमी होतं. पोट होतं तिथेच आहे. मग जानेवारीत, धुळीचे वारे सुटले होते तेव्हा, तांपुई वस्तीतून निरोप आला की एक बाई अडली आहे. गाडी कुठेच मिळेना. आमच्या थोरल्या नर्सबाई, पोकोबाई, त्यांनी आपली निळी मोपेड माझ्यापुढे लोटली. म्हणाल्या, "बाळ काही तुझी भीती जायची वाट बघत बसणार नाही." पॅडल मारलं, इंजिन सुरू झालं, आणि मी गेले. मी हँडलला धरलं होतं की हँडलनं मला, कोण जाणे. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

त्यानंतर दवाखान्यात येणाऱ्या बायांनी मला धरलंच. आपल्या शहरात बाई जन्मते ती मोपेडवरच म्हणतात, पण शिकवतं कोण? भाऊ म्हणतो "बस आणि पळव", झालं शिक्षण. आता दर रविवारी सकाळी दवाखान्यामागच्या मैदानात मी शिकवते. कमरेचं कापड घट्ट खोचा, नाहीतर चेन ओढून घेईल. थांबलेल्या टॅक्सीजवळून जाताना दार उघडेल एवढी जागा सोडा. वळायच्या आधी मागे बघा, मग हात दाखवा, मग वळा. भजी विकणारी तालातो म्हणाली, "मागं बघू, हात दाखवू, पाठीवरचं पोर सावरू, मग मोपेड कोण चालवणार, तुझा नवरा?" मी म्हटलं, "त्याच्या भरवशावर राहिलीस तर इथेच म्हातारी होशील. पोर घरी ठेवून येत जा." हसून हसून एकजण मोपेडसकट आडवी झाली.

आणि दर रविवारी शेवटी मी एकच गोष्ट तीनदा सांगते. ट्रकच्या कडेला शिरू नका. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. मागे थांबा, त्याला वळू द्या.

महिन्यापूर्वी एड्विज नावाची मुलगी आली. नर्सिंगच्या शाळेत नाव लागलंय, घर लांब, म्हणून शिकायचं होतं. वडील सोडायला आले होते. मैदानाच्या टोकाला कडुलिंबाखाली उभे राहून ओरडले, "काय गं मोसी गुलामे, माझ्या पोरीला शिकवशील, की बाजारात नेऊन विकशील?" सामो जमातीच्या माणसानं आपल्या मोसी जमातीच्या माणसाला थट्टेनं असं म्हणावं आणि मोसीनं दुप्पट परत करावं, ही आपली रीतच. सगळ्या बाया माझ्या उत्तराची वाट बघत राहिल्या. मी एड्विजच्या मोपेडची चेन बघायला खाली वाकले. तो प्रोस्पेर तोए होता, साफी. आपल्या अपघातातल्या त्या ट्रकचा ड्रायव्हर.

वाटलं, त्यानं मला ओळखलं नसावं. तीन रविवार तसेच गेले. एड्विज चलाख आहे, दुसऱ्याच रविवारी तोल सापडला तिला. चौथ्या रविवारी, ती मैदानाला फेऱ्या मारत होती तेव्हा, मी धीर करून त्याच्याजवळ गेले. विचारलं, "मी कोण, माहीत आहे का तुम्हाला?" म्हणाला, "पहिल्या दिवसापासून." मग माझ्याकडेच का आणलं तिला? "शहरात मोपेड सगळेच चालवतात. ट्रकपाशी काय करायचं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?" आवाजात टोचणी नव्हती. अपघात झाला त्याच आठवड्यात मालकानं त्याला कामावरून काढलं होतं. आता झाडाखाली बसून मोपेडची पंक्चरं काढतो. निघताना एवढंच म्हणाला, "पोरीला वाटतं, बापानं न बघता एका बाईचा पाय चिरडला. तिच्यासमोर मी ट्रकचं नावही काढत नाही."

आता जे तू मला बोलू देत नाहीस ते. त्या सकाळी बारशाला उशीर झाला होता. धुळीमुळे तू माझ्या पाठीत तोंड खुपसून बसली होतीस. तू "ताई, हळू" म्हणालीस तेही मला ऐकू आलं होतं. चौकात ट्रक उभा होता, आणि वळायचा दिवा लागत-विझत होता. मी तो पाहिला, साफी. वाटलं, तो हलायच्या आत निघून जाऊ, आणि ट्रक आणि कठड्यामधल्या फटीत मोपेड घातली. मी रस्त्यावर पडले, तू चाकाखाली. लोक त्याला मारायला धावले, तरी त्यानंच तुला उचलून दवाखान्यात नेलं. आणि संध्याकाळी पोलिसांनी मला विचारलं, दिवा होता का. मी म्हटलं, नव्हता.

आज सकाळी मी हे सगळं एड्विजला सांगितलं, तिच्या वडिलांसमोर. ती वडिलांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तो खाली बघत होता. उद्या सकाळी त्याच्याबरोबर पोलिस चौकीत जाऊन मी माझा जबाब बदलणार आहे. मोहल्ल्यात बोभाटा होईल, फोन तुझ्यापर्यंत पोचतील. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. शुक्रवारी मी बोबोला येते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी बाहेर थांबेन. फक्त एक कर. तुझा गुडघा वाकत नाही म्हणून खुर्चीवर बसून नमाज पढतेस, आणि नंतर त्या ड्रायव्हरला शाप देतेस, हे आईनं मला सांगितलंय. आज रात्रीपासून त्याला सोड. त्याच्या जागी माझं नाव घेतलंस तरी चालेल.

तुझीच,
अझेता