मुराळ्याची चाकं

१२ नोव्हेंबर
गच्चीवर थर्मामीटर टांगलं. पारा सोळा. थंडी अजून पडायची आहे, पडेल. आपलं बुलढाणा घाटावरचं थंड हवेचं गाव, हे मी दरवर्षी आठवीला भूगोलात शिकवतो. पोरं हसतात. हसू देत.

पूनमला परवा सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्यात लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. तर मुराळी मी. आठव्यात प्रवास करू देत नाहीत, म्हणून सातव्यातच आणायची. अख्खा महिना हातात आहे.

दिवाळीत सेकंडहँड एसयूव्ही घेतली ती ह्याचसाठी. लेकीचं सासर धामणगाव बढे. राजूर घाट उतरायचा, मोताळा, पुढे रोहिणखेड, की आलंच. ड्रायव्हिंग क्लास ऑगस्टमध्येच पूर्ण झाला आहे.

संकल्प: रोज तासभर सराव.

१३ नोव्हेंबर
सराव नाही. गाडी धुतली. गाडीची ओळख होणं हाही सरावच.

१५ नोव्हेंबर
शाळेपर्यंत गाडी नेली. शाळा जवळच आहे, तरी नेली. हाताला घाम फार येतो. स्टिअरिंग कव्हर हलक्या प्रतीचं दिसतं. बदलावं लागेल.

१६ नोव्हेंबर
रविवार. पहाटे घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. पाहणी. पहिल्या वळणाआधी थांबून रस्ता बघितला. दव होतं. डांबर काळं, ओलं, खाली दरी. परत फिरलो.

घरी येऊन व्हिडिओ बघितला. नॉर्वेतला एक दाढीवाला सांगत होता की सात अंशांच्या खाली साधं टायर कडक होतं आणि रस्ता धरत नाही. त्यासाठी वेगळी विंटर टायर असतात. तीन वेळा बघितला. तरीच! म्हणजे दोष टायरचा आहे. मन एकदम हलकं झालं.

जयमालाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो. मी म्हणालो, प्रश्न बर्फाचा नसून तापमानाचा आहे. ती मेथी निवडत राहिली. बायकोला विज्ञानाची आवड नाही.

१७ नोव्हेंबर
चिखली रोडच्या टायरच्या दुकानात गेलो. मालक हर्षल, माझा जुना विद्यार्थी. भूगोलात कच्चा होता. विंटर टायरचं नाव त्याने आयुष्यात ऐकलेलं नव्हतं, पण "हाव सर, भेटून जातीन टायर" म्हणाला. दिल्लीहून मागवतो म्हणाला. आठ दिवसांत. जाणकार मुलगा.

जाता जाता त्याने विचारलं, चाकं सोळाचीच ठेवता का सर? अठरा इंची अलॉय टाकली तर गाडी भारी दिसेल. घाटाला मोठं चाक बरं का, असं मी विचारलं. हाव म्हणाला. खड्ड्याला? हाव. गरोदर लेकीला? त्यालाही हाव म्हणाला. सगळ्या शंका फिटल्या.

२० नोव्हेंबर
व्याही उकंडराव यांचा फोन. कधी येता? येत्या रविवारी, असं मी ठणकावून सांगितलं. टायरचं काम चालू आहे हेही सांगितलं. ते म्हणाले, काऊन, पंचर झालं काय. मी सविस्तर समजावलं. मध्येच त्यांची रेंज गेली.

२३ नोव्हेंबर
जाणं रद्द. टायर दिल्लीतच. अठरा इंची अलॉय मात्र आली आणि बसली, तात्पुरती साध्या टायरसह. गाडी काय दिसते! शेजारी बघून गेले.

विहीणबाई शालूबाईंनी आज मुराळ्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या म्हणे. वाईट वाटलं. पण सुरक्षितता आधी.

२५ नोव्हेंबर
दोन बारीक निरीक्षणं.

एक, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं टायर मडगार्डला घासतं आणि खर्रर्र आवाज येतो. घाटात वळणं पूर्ण घ्यावी लागतात. यावर विचार करायला हवा.

दोन, गाडी उंच झाली. जयमालाला चढता आलं नाही. तिने पायरीसाठी घरातला पाट आणला आणि पाटावर उभं राहून मला विचारलं, सातव्या महिन्यातली पोर यात कशी चढेल. मी म्हणालो, पाट सोबत नेऊ. ती पाट घेऊन आत गेली.

२८ नोव्हेंबर
पारा तेरा. सातपर्यंत आला की सिद्ध होईल.

जावई भागवतचा फोन. शेती बघतो, मका-कापसाचा थोडा व्यापार करतो. पोरगा सरळ आहे. म्हणाला, "मामा, तुमाले जमत नसन तं मीच आणून सोडतो न तिले." आवाजात टोमणा नव्हता, पण मला टोचलं. जावई मुराळी होत नसतो, असं मी सांगितलं. आमच्या घरची लेक आहे, तिचा बाप जिवंत आहे, गाडी दारात आहे. तो "बरं मामा" म्हणाला.

जयमालाचं म्हणणं, एक दिवसापुरता ड्रायव्हर बघा. स्वतःची गाडी, स्वतःचं लायसन्स, आणि लेकीसमोर मागच्या सीटवर बसून जाऊ? नाही.

संकल्प: ६ डिसेंबर पक्का. टायर येवोत न येवोत.

५ डिसेंबर
उद्या निघणार. मनाने पूर्ण तयार. डिझेल भरलं. नारळ, लिंबू, पाट. पूनमचा फोन आला, लहानपणीसारखी बोलत होती. बॅग आठवड्यापासून भरून ठेवली आहे म्हणाली. दुपारपर्यंत पोहोचतो म्हणालो.

६ डिसेंबर
सकाळी निघालो. जयमाला शेजारी, मांडीवर डबा. घाटाच्या तोंडाशी पोहोचलो. पहिलं वळण दिसलं. समोरून उसाचा ट्रक वर येत होता. गाडी बाजूला घेतली. ट्रक गेला. मग एक एसटी गेली. मग दोन मोटारसायकली. मग रस्ता मोकळा होता. तरी थांबलो, कारण गाडी मोठी, अंदाज घ्यायला हवा.

मधे केव्हातरी जयमाला म्हणाली, चला आता. मी चावी फिरवली. टायर घासल्याचा आवाज आला. आला असावा. गाडी उलटी फिरवली.

पूनमला फोन करून सांगितलं की टायरमध्ये हवा कमी आहे. ती म्हणाली, बरं बाबा. भागवतने नंतर जयमालाला सांगितलं की ती सकाळपासून ओसरीवर बॅग घेऊन बसली होती आणि दुपारी जेवली नाही.

जयमालाने लिंबू-नारळ देवघरात ठेवले. रात्री ताट वाढलं, पण शेजारी बसली नाही.

टायर बदलल्याशिवाय पुन्हा हे होऊ द्यायचं नाही.

१० डिसेंबर
आठवा लागला. आता प्रवास नाही. एका अर्थी बरंच झालं, तांत्रिक तयारीला निवांत महिना मिळाला. नववा लागला की लगेच आणू. नवव्यात चालतं.

अठराचा नाद सोडला. सोळा आणि अठराचा सुवर्णमध्य सतरा. वही घेऊन बसलो, सगळा हिशेब काढला. हर्षलला म्हणालो, विंटर टायर आता सतराच्या मापाची मागव. हाव सर. आधीची ऑर्डर? ती रद्द करतो सर. गेली असली तर? गेलीच असेल सर. ह्या पोराचा स्वभाव मला आवडतो, कशाला नाही म्हणत नाही.

१८ डिसेंबर
पारा अकरा. कुडकुडलो. जयमाला स्वेटर न घालता अंगण झाडत होती.

हर्षलला विचारलं, नवे रिम कधी येतील? येऊन राह्यले सर, असं उत्तर आलं.

जुनी सोळाची चाकं परत बसवावीत का, असं एकदा मनात आलं. हर्षलने ती जानेफळच्या एका माणसाला देऊन टाकली आहेत. मीच सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेन.

२८ डिसेंबर
सुट्टी. सराव करायचा होता. घरासमोर मुलं क्रिकेट खेळत होती. त्यांचा डाव मोडवेना.

आज पूनम जयमालाशी बराच वेळ बोलली. फोन मला दिला तेव्हा विचारलं, बाबा, तब्येत बरी आहे न? तिने माझी चौकशी करावी असं उलटंच होऊन बसलं आहे. ठणठणीत आहे म्हणालो.

४ जानेवारी
पारा दहा. दहा! नॉर्वेवाल्याला कळवावंसं वाटलं.

१० जानेवारी
नववा लागला. सतराचे रिम आले. हर्षलने अठराची चाकं काढून नेली, कारण ती दुसऱ्या गिऱ्हाईकाला हवी होती. विंटर टायर नागपुरात आहेत, दोन दिवसांत येतील. तोवर गाडी विटांवर. चाकं काढलेली गाडी दारात कशीतरीच दिसते म्हणून वर चादर टाकली.

जयमाला म्हणाली, आज नववा लागलाय, आणि तुम्ही आजच चाकं काढलीत. मी म्हणालो, दोन दिवस. १३ ला आणतो. लिहून देऊ का? ती नको म्हणाली.

१३ जानेवारी
टायर खामगावात आहेत. उद्या संक्रांत, परवा कर. करीला लेक आणत नाहीत. १६ पक्की.

हाताला घाम येतो. स्टिअरिंगला हात लावलेला नाही, तरी येतो. वयोमान.

१५ जानेवारी
शेवटच्या क्षणी भागवतचाच विचार आला. त्याला म्हणावं, आण बाबा तूच. फोन हातात घेतला. काय सांगू म्हणून कारण शोधत बसलो. टायरचं कारण सांगून झालं होतं. हवेचंही. नवीन सुचलं नाही. उद्या बघू.

१६ जानेवारी
सकाळी चहा घेताना भागवतचा फोन. पूनमला कळा सुरू झाल्या. तारखेच्या आधीच. म्हणाला, "मामा, आता थांबता येत नाही. शेजारच्याईची गाडी घेतो अन् मलकापूरले नेतो."

मी धावत बाहेर गेलो. चादर ओढली. गाडी विटांवर होती. हे मला माहीत होतं, तरी धावलो. बोनेटवर हात ठेवून उभा राहिलो. जयमाला मागे आली. डिंकाच्या लाडवांचा डबा आणि जुनी मऊ लुगडी पिशवीत भरून ती तशीच चपला घालून निघाली. मी तिच्या मागे.

एसटी स्टँडवर मलकापूरची गाडी उभीच होती. चढलो. मला खिडकीची जागा मिळाली. पहिल्या वळणाला मी डोळे मिटले ते राजूर येईपर्यंत उघडले नाहीत. जयमालाने माझा हात धरला होता. घामाने ओला होता, तरी धरला होता.

घाट फार वेळ चालत नाही. हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

१७ जानेवारी, मलकापूर
नात झाली. दोघी सुखरूप. वजन जरा कमी आहे, पण रडते जोरात. शालूबाईंनी माझ्या हातात दिली. मी पटकन परत दिली.

उकंडराव बाकावर शेजारी येऊन बसले. कशावर आले, विचारलं. एसटीनं, म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि चहा सांगितला. गाडीचं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, माझ्याकडे सांगायला भरपूर होतं.

दुपारी पूनमजवळ एकटाच होतो. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हणालो, बेटा, सतराचे रिम आले आहेत, टायर खामगावपर्यंत पोहोचली आहेत, दोन-चार दिवसांचाच फरक पडला, नाहीतर मी तुला…

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाबा, मले गाडी नव्हती पाह्यजे. मुराळी पाह्यजे होता. तुमी एसटीनं आले असते तरी मी आली असती."

बाळ झोपलं होतं. त्याचं टोपरं सरळ होतं, तरी मी ते सरळ केलं.

मग ती म्हणाली, घाटाचं मले माहीत होतं बाबा. ड्रायव्हिंग क्लासवाले सर भागवतच्या ओळखीचे, त्याईनं ऑगस्टमधीच सांगतलं होतं का तुमी घाटात गाडी उतरवतच नाही. मीच म्हटलं, बाबाले काही म्हणू नका.

२१ जानेवारी, बुलढाणा
दुपारी पारा एकतीस. थर्मामीटर काढून कपाटात ठेवलं.

हर्षलचा फोन. सर, विंटर टायर आले. सतराचे? नाही सर, अठराचे आले, पयल्या ऑर्डरचे. मी ठेव म्हणालो. कुठी ठेवू? कुठेही.

फेब्रुवारीअखेर सव्वा महिना होतो. बाळ-बाळंतिणीला आणायचं आहे. मुराळी मीच. स्टँडवर जाऊन धामणगावच्या गाड्या विचारून आलो. सकाळी एक आहे.

जयमालाला सांगितलं, खिडकीत तू बस.