दुमजली विमानाचा जिना

बुधवार, दिवेलागणीला

व्हय, विचारलं मी सरूला चारचौघींत, त्यात काय चुकलं? लेकाकडं दुबईला जाऊन आली नि म्हंती, "दुमजली विमान हुतं बाई, जिन्यानं वर जाऊन बघून आले." असं कोण कुणाला वर सोडतं? सोमाटण्याच्या फाट्यावर रस्ता वलांडायला माझा हात धरती ही!

"जिना कसा हुता गं, गोल का सरळ?"

"सरळ. चांगला रुंद."

"सापडली! आमचे मालक मुंबईला जंबो विमानं झाडायचे. त्यात गोल जिना असतो. तू काय एस्टीच्या टपावर चढलीस?"

समद्या खदाखदा हसल्या. सरू डोळं पुसत घरी गेली. आज शेंगा सोलाया बी आली न्हाई.

थापच असंल. पण हात पसरून जिन्याची रुंदी कशी दावली तिनं?

आता लिवतेच. मालकांनीच सांगितलं हुतं, गोल जिना पयल्या जंबोंना हुता, पुढं सरळ केला. ते जिने पुसता पुसता ते म्हातारे झाले, गेले. मी विमानात पाय न्हाई ठेवला. सरूनं ठेवला. ती खरं बोलती हे मला तवाच ठाऊक हुतं.