पुसलेली रेघ

निजामी सालातला बहमन महिना, मंगळवार. औरंगाबाद.

खंडूमामाला आज पडेगावात पोचवून आलो. दवाखान्यात पाणी भरणारा आमचा मामा. आम्हा शिकाऊ कंपाउंडरांना शरीर शिकवायचं म्हटलं की डॉक्टरसाहेब त्यालाच सदरा काढून बसवायचे. "लई गुदगुल्या व्हत्यात रं," म्हणून हसायचा.

काल माझी पाळी होती. छातीवर बोटानं ठोकत जायचं, आवाज बद्द झाला की तिथं हृदयाची कड, तिथं जांभळ्या पेन्सिलीनं रेघ ओढायची. माझी रेघ पार बगलेकडं गेली. डॉक्टरसाहेब भिंतीवरचा तक्ता दाखवून चिडले, "दिल यहाँ तक होता है? मिटाओ!" मी कोरड्या फडक्यानं पुसली आणि तक्त्यात होती तशी आत ओढली.

पण आवाज बाहेरच बद्द होता. मी ऐकला होता. दुखणाईत हृदय पसरतं, हेही शिकलो होतो. पायऱ्या चढताना मामाला लागणारी धाप तर रोजची. मग पुन्हा ठोकून का नाही पाहिलं? आज पहाटं मामा गेला. सांगितलं असतं तर वाचला असता? कोण जाणे. निदान घागरी तरी उचलू दिल्या नसत्या.

दारात त्याला अंघोळ घालताना पाणी मीच ओतत होतो. ओली झाली की ती पेन्सिल गडद होते. पुसलेली बाहेरची रेघ जांभळी होऊन पुन्हा वर आली. त्याचा लेक चोळायला लागला.

"हे काय वो?"

"दवाखान्यातलं हाय. निघंल."

निघाली नाही. तशीच नेली.