कागदानं अडणारे किरण

३ तारीख, सोमवार

नवं घर, नवी शाळा, आणि नोकरी चक्क चालत जाण्याइतकी जवळ! ठमीला सासूबाईंकडे सोपवून निघाले तेव्हा बोळकं पसरून हसली लबाड. मोठ्या बाईंनी प्रयोगशाळेची किल्ली दिली आणि सांगितलं की, जुने सर निवृत्त झाल्यापासून तिथे कोणी फिरकलेलं नाही. दार उघडलं तर बाकांवर धुळीचा थर. माझे हात शिवशिवायलाच लागले. ठमीचे बाबा म्हणतात, हिला चंद्रावर पाठवलं तर आधी केर काढेल.

४ तारीख, मंगळवार

दिवसभर साफसफाई. घरून ठमीच्या जुन्या झबल्याचं मऊ फडकं नेलं होतं. भिंगं, तराजू, काचेच्या नळ्या, सगळं लख्ख केलं. कपाटात शिशाच्या डबीत किरण सोडणाऱ्या तीन चकत्या निघाल्या: अल्फा, बीटा, गॅमा. कॉलेजात हे सगळं फळ्यावरच शिकले, प्रत्यक्ष आज पाहिलं. हात लावला नाही हो, चिमट्यानं धरल्या! अल्फाच्या चकतीवरची जाळी काढली, तर आतला पत्रा कळकट. फडक्यानं चांगला घासला.

५ तारीख, बुधवार

सासूबाई सांगत होत्या, काल घरी आल्यावर मी पर्स खाली ठेवली, तर ठमीनं त्यातलं फडकं ओढून काढलं आणि चघळत बसली. दात येताहेत, हिरड्या शिवशिवतात. काढून घेतलं की भोकाड पसरायची, म्हणून त्यांनी राहू दिलं. मी जरा कुरकुरले. जराशा धुळीनं काही होत नाही, म्हणाल्या. मग आम्ही दोघी हसलो.

६ तारीख, गुरुवार

आज तास रंगला. किरण मोजायच्या यंत्रात नवे सेल घातले. मुलांना सांगितलं, अस्थिर अणू कधीतरी फुटतो आणि किरण बाहेर टाकतो. कुठला अणू कधी फुटेल ते कोणालाच सांगता येत नाही. निम्मे फुटायला जितका काळ लागतो ते अर्धायुष्य. मग गंमत दाखवली. गॅमाला जाड शिसं लागतं, बीटाला ॲल्युमिनियमचा पत्रा, अल्फाला मात्र साधा कागद पुरतो. बिचारा अल्फा, कातडीसुद्धा भेदत नाही, असं मी म्हणाले आणि वर्ग हसला.

फक्त अल्फाची चकती फारशी टिकटिकली नाही. आणि डबी बंद केल्यावरही यंत्र मधूनच टिकटिकत होतं, माझ्या पर्सपाशी.

७ तारीख, शुक्रवार

मुलं गेल्यावर यंत्र घेऊन बसले. पर्स आतून नुसती कडकडते आहे. मध्ये कागद धरला, जवळजवळ गप्प. काढला, पुन्हा सुरू. म्हणजे अल्फा. चकती भिंगाखाली धरली. मी घासलं तिथला पातळ थरच गेलाय. तो मळ नव्हता. तोच तर —

फडकं. ठमीनं चघळलेलं.

शुक्रवार, घरी

यंत्र घेऊन घरी धावले, मोठ्या बाईंना फोन केला. त्यांनी रुग्णालयाला कळवलंय, गाडी निघाली आहे. काही हलवू नका, असं रुग्णालयातून सांगितलंय. सासूबाई दाराशी बसून रडताहेत, माझं काय चुकलं विचारताहेत. त्यांचं काही नाही चुकलं. माझं चुकलं.

उशी टिकटिकते. खुळखुळा. पाळण्याचा कठडा.

ठमीच्या पोटाशी यंत्र धरलं. गप्प. जीव भांड्यात — नाही. कातडी. कातडीच अडवते ना त्याला. आत असला तर बाहेर कळणारच नाही. आणि आत अडवायला कातडी नाही. मुलांसमोर मी त्याला बिचारा म्हणाले —

चकतीवर लिहिलं होतं, अर्धायुष्य चारशे बत्तीस वर्षं. नुसतं निम्मं व्हायला. ठमी नऊ महिन्यांची आहे.

भीती वाटते. गाडी येईपर्यंत लिहीत बसते.

ठमी हसतेय. यंत्राची नळी हवीय तिला. दिसेल ते तोंडात घालायचं — नको गं ठमे — आ केलाय — नळी ओठांपासून बोटभर लांब आहे अजून, तरी यंत्र टिकटिकायला —