एकोणतीस सुया

प्रिय ताई,

गेल्या आठवड्यात शाळेने पाठवलेल्या फॉर्मवर तू सही केली नसशील तर थांब. केली असलीस तर तो पाकिटात घालू नकोस. शुक्रवारपर्यंत तो सहीनिशी परत आला, तर आपली भिंगरी पुढच्या वर्षी पुन्हा दुसरीतच बसेल. तुझं प्रशिक्षण संपवून तू तिला माझ्याकडून न्यायला येशील, तेव्हा तिच्या मैत्रिणी तिसरीत गेलेल्या असतील. हे पत्र एका बैठकीत वाच आणि रागवायचं ते शेवटी रागव.

माझ्या शिवणाच्या तासाबद्दल मी फोनवर सारखी फुशारकी मारते, ते तू या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतेस, हे मला माहीत आहे. तुला अजून शर्टाचं बटण धड लावता येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. मुलांना चौकटीचं कापड द्यायचं आणि साधा धावदोरा घालायला लावायचा. दर तीन चौकटींनी एक टाका, आणि प्रत्येक टाक्याला आकडा मोठ्याने म्हणायचा: तीन, सहा, नऊ. चुकलं की टाका आखूड दिसतो, बाईंनी ओरडायची गरज पडत नाही. निळ्या दोऱ्याने नदी शिवली की भूगोल होतो, टाक्याटाक्याने नाव काढलं की अक्षर सुधारतं. तुझी लेक बारानंतर थेट वीसवर उडी मारायची ना? तिने तीनचा पाढा तीसपर्यंत एका दमात शिवला. पोरगी आकड्यांना घाबरायची ती थांबली. म्हणून मी तिला सुया मोजायचं काम दिलं.

हे काम सगळ्यात जोखमीचं. प्लॅस्टिकची सुई कापडातून जात नाही, म्हणून मी खऱ्या सुयांसाठी हट्ट धरला होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, एकाच अटीवर परवानगी दिली. तीस सुया द्यायच्या, तीस परत घ्यायच्या. एक जरी कमी भरली, तर तास त्या दिवसापासून बंद. त्याला कारणही होतं. आमच्याच सतरंजीवर दुपारी शिशुवर्गातली तीन-तीन वर्षांची पिल्लं बसतात. तास संपला की भिंगरी फलालीनच्या तुकड्यावर दहा-दहाच्या तीन ओळींत सुया खोचायची, बोट ठेवून मोजायची आणि मला आकडा सांगायची.

सहा आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी तिने सांगितलं, एकोणतीस. मोठ्या बाई नेमक्या दारात उभ्या होत्या. मी हसून म्हटलं, नीट मोज पाहू. ती दोरा गुंडाळायला वळली, तेवढ्यात मी माझ्या बाहीला खोचलेली माझी स्वतःची सुई काढून तिसऱ्या ओळीत टोचली. तिने पुन्हा मोजलं. तीस. तिने ओळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाई प्रेमानेच म्हणाल्या, घाई करू नये बाळ. वर्ग हसला. मीही हसले, ताई.

मुलं गेल्यावर मी दार लावून लोहचुंबक घेतलं आणि सतरंजी इंच इंच पालथी घातली. सुई मिळाली नाही. त्या दुपारी फरशी ओली असल्याचं सांगून शिशुवर्ग दुसऱ्या खोलीत बसवला. दुसऱ्या दिवशी कुठलं कारण सांगणार? दोन दिवस मी शेजारच्या वर्गात शिकवत होते आणि कान भिंतीला होते. पलीकडे एखादं पोर रडलं की हातातला खडू सुटायचा. एकदा तर धावत गेले, ते पोर फक्त डबा उघडत नाही म्हणून रडत होतं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. तास बंद होईल, एवढंच डोक्यात होतं. शुक्रवारी सकाळी मदतनीस बाईंनी सतरंजी झटकली, तेव्हा काठाच्या दुमडीतून सुई पडली. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, तुमचीच ना? मी हो म्हटलं आणि मोकळी झाले.

भिंगरी मात्र मोकळी झाली नाही. त्या दिवसापासून ती सुया न मोजताच तीस म्हणते. घरी चार ताटल्या आण म्हटलं, तर सगळी चळत उचलून आणते. तोंडी परीक्षेत मोठ्या बाईंनी तिच्यापुढे मणी ठेवले आणि किती ते विचारलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुम्ही सांगा किती ते. फॉर्मवरचा ‘मोजणी अगदी कच्ची, हीच इयत्ता पुन्हा करावी’ हा शेरा वर्गशिक्षिकेचा, म्हणजे माझाच आहे. अक्षर तू ओळखलं असशीलच. खरं कारण लिहायचं तर सुईचं सांगावं लागलं असतं.

काल मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी सुयांचा डबा मागून घेतला. तास बंद झाला. माझं काय करायचं ते संस्था ठरवेल. भिंगरीची परीक्षा त्या स्वतः पुन्हा घेणार आहेत, पण त्यासाठी तुझा नकार लेखी हवा. तो आजच पाठव.

मग घरी येऊन मी भिंगरीला सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे एकोणतीसच होत्या? मी हो म्हटलं. तुला तेव्हाच माहीत होतं? मी त्यालाही हो म्हटलं. ती रडली नाही, भांडली नाही. फ्रॉकची किनार चिमटीत धरून बसली. मला वाटलं होतं, तुला हे तू आल्यावर समोरासमोर सांगावं. पण आज सकाळी तिने माझ्यापुढे कागद आणून ठेवला. म्हणाली, मावशी, आईला तू लिही. मी सांगितलं तर ती तुलाच विचारेल, खरं आहे का म्हणून.

तुझीच,
धाकटी